इंग्लंडमधील जुनी दगडी शेतघरे : पाहताना आणि दुरुस्त करताना या चुका टाळा

इंग्लंडमधील जुन्या दगडी शेतघरांच्या भिंतींचे निघालेले पोपडे, तुळयांची कुजलेली टोके आणि खोल्यांमधली कायमची ओल यांचा माग काढत गेले, तर तो बहुतेक वेळा विसाव्या शतकातल्या एखाद्या दुरुस्तीपाशी जाऊन थांबतो. दुरुस्ती करणाऱ्याचा हेतू चांगला असतो आणि पैसाही भरपूर ओतलेला असतो. मात्र पोकळी ठेवून बांधलेल्या दुहेरी भिंतींच्या आजच्या घराला जे नियम लागू पडतात, तेच नियम तीनशे वर्षांपूर्वीच्या अनघड दगडांच्या भिंतीला लावलेले असतात. असे घर विकत घेण्याच्या विचारात असलेले तिथले मराठी वाचक, तसेच वास्तुकलेचे विद्यार्थी यांच्यासाठी, वारंवार होणाऱ्या चुका येथे मांडल्या आहेत.

कॉट्सवोल्डमधील पिवळसर चुनखडीचे घर, पेनाइन डोंगररांगेतील करड्या वालुकाश्माचे घर आणि डार्टमूर या माळरानावरील ग्रॅनाइटचे घर ही दिसायला अगदी वेगळी असली, तरी त्यांच्या भिंतीची रचना बरीचशी सारखी असते. बाहेर एक आणि आत एक असे दगडांचे दोन थर, मधल्या जागेत कपच्या, माती आणि चुन्याची भर, आणि ठरावीक अंतरावर दोन्ही थरांना बांधून ठेवणारे लांब आरपार दगड, अशी ही साधारण दोन ते अडीच फूट जाडीची भिंत असते. तिचा पाया उथळ असतो आणि जमिनीतली ओल अडवणारा कोणताही थर तिच्यात घातलेला नसतो. पुढचे बरेचसे विवेचन या भिंतीभोवतीच फिरते.

दारावरच्या सालावरून घराचे वय ठरवणे

दाराच्या दगडी लिंटलवर, म्हणजे दारावरच्या आडव्या दगडावर, साल आणि आद्याक्षरे कोरलेली दिसली, की घर त्याच साली बांधले असे लगेच गृहीत धरले जाते. उत्तर इंग्लंडमध्ये, विशेषतः यॉर्कशायर आणि कंब्रिया भागात, असे कोरीव दगड पुष्कळ आढळतात. त्यांवर अनेकदा तीन अक्षरांची त्रिकोणी मांडणी असते, वर आडनावाचे आद्याक्षर आणि खाली पती-पत्नीच्या नावांची आद्याक्षरे. हा दगड घर बांधल्याची नोंद असू शकतो; पण लग्न झाले, घर वारशाने ताब्यात आले, नवी खोली जोडली किंवा जुन्या लाकडी घराला दगडी दर्शनी भिंत बांधली, यांपैकी कोणत्याही प्रसंगी तो कोरलेला असू शकतो, आणि पाडलेल्या घरातून उचलून दुसरीकडे बसवलेलाही असू शकतो. म्हणून साल वाचण्याआधी त्या दगडाच्या कडा पाहाव्यात. दोन्ही बाजूंचे दगडी थर त्याच्या उंचीशी जुळतात की तेवढ्याच भागात कपच्या घालून जागा भरली आहे, आणि त्याच्या भोवतीचा चुना उरलेल्या भिंतीतल्या चुन्याच्या रंगाचा व भरडपणाचा आहे का, एवढे दोन प्रश्न विचारले तरी बरीच दिशाभूल टळते.

वय ठरवण्यासाठी खरा आधार भिंतीतच मिळतो. दर्शनी भिंतीत एखाद्या ठिकाणी जोत्यापासून वळचणीपर्यंत सरळ उभी दरज गेलेली असेल आणि तिच्या दोन्ही बाजूंचे दगड एकमेकांत गुंतलेले नसतील, तर तिथे घराचे दोन टप्पे भेटतात. त्या दरजेच्या ज्या बाजूला कोपऱ्याचे मोठे घडीव दगड दिसतील तो टप्पा आधीचा, कारण कोपरा घडवून घर एकदा पूर्ण झालेले होते आणि दुसरा भाग नंतर त्याला टेकवून बांधला गेला.

खिडक्यांवरून काळ सांगण्याचीही घाई केली जाते. दगडी उभ्या दांड्यांनी विभागलेल्या रुंद, बसक्या खिडक्या दिसल्या की सोळावे किंवा सतरावे शतक, आणि सरकत्या तावदानांच्या उंच खिडक्या दिसल्या की अठरावे, असा ठोकताळा सांगितला जातो. तो शहरांतल्या आणि उमरावांच्या घरांना बऱ्यापैकी लागू पडतो. शेतघरांत मात्र, विशेषतः पेनाइन आणि कॉट्सवोल्ड भागांत, दगडी दांड्यांच्या खिडक्या अठराव्या शतकातही घडवल्या जात होत्या, आणि एकोणिसाव्या शतकात त्यांचे मुद्दाम पुनरुज्जीवन झाले. काळाबद्दल सर्वसाधारण अंदाज हवा असेल, तर डब्ल्यू. जी. हॉस्किन्स या इतिहासकाराने १९५३ मध्ये मांडलेली महापुनर्बांधणीची कल्पना लक्षात घ्यावी. साधारण १५७० ते १६४० या काळात सधन शेतकऱ्यांनी मोठ्या प्रमाणावर घरे नव्याने बांधली, असे त्याचे म्हणणे होते. पुढच्या अभ्यासकांनी त्यात बऱ्याच दुरुस्त्या केल्या, आणि उत्तरेकडे ही लाट पुष्कळशी १६६० नंतर पोचली, हे आता मान्य आहे. म्हणजे एकाच आकाराचे घर दक्षिणेत एका पिढीचे आणि उत्तरेत दुसऱ्या पिढीचे असू शकते.

दोन लोकप्रिय कथांपासूनही सावध राहावे. पहिली कथा बुजवलेल्या खिडक्यांची. इंग्लंडमध्ये १६९६ ते १८५१ या काळात खिडक्यांवर कर होता हे खरे आहे, आणि त्यामुळे काही खिडक्या बुजवल्या गेल्या हेही खरे. पण जिना हलवला, खोलीत नवी चूल बांधली, दर्शनी भाग समतोल दिसावा म्हणून मुळातच खोटी खिडकी घडवली, अशी कारणेही तितकीच असतात. कराचा खराखुरा पुरावा काही शेतघरांत वेगळ्या ठिकाणी सापडतो. दूध आणि चीज ठेवण्याच्या खोल्यांना करातून सूट होती आणि ती मिळवण्यासाठी त्या खोलीचे नाव खिडकीवर किंवा दारावर लिहावे लागे. दगडावर कोरलेले किंवा रंगवलेले हे शब्द काही घरांत अजून वाचता येतात. घर उजळवण्याच्या नादात ते घासून टाकू नयेत. दुसरी कथा म्हणजे तुळया मोडलेल्या जहाजाच्या आहेत ही. समुद्रापासून दूर असलेल्या गावांतही ती अभिमानाने सांगितली जाते. तुळईवर दिसणाऱ्या रिकाम्या खाचा बहुतेक वेळा ती तुळई आधीच्या एखाद्या घरात किंवा धान्याच्या कोठारात वापरली गेली होती, एवढेच सांगतात. खात्री करून घ्यायची असेल तर लाकडाच्या वार्षिक वलयांवरून काळ ठरवता येतो. ओक लाकूड त्या काळी ओलेच वापरले जाई, त्यामुळे झाड तोडल्याचे साल कळले की बांधकामाचे सालही एक-दोन वर्षांच्या अंतराने हाती येते.

आराखडा न समजता भिंती पाडणे

डार्टमूरवरील लांबट घरांत माणसे आणि गुरे एकाच छपराखाली राहत. उताराच्या वरच्या बाजूला घर, खालच्या बाजूला गोठा, आणि मध्ये समोरच्या दारापासून मागच्या दारापर्यंत जाणारा आडवा बोळ. गोठा खाली ठेवण्याचे कारण उघड आहे. मूत्र आणि पाणी घराकडे न येता मोरीतून बाहेर वाहून जावे. हायर अपाकॉट या मध्ययुगीन घराचा गोठा आजही राहत्या खोलीत रूपांतरित न होता टिकून आहे, म्हणून ते घर अभ्यासकांना मोलाचे वाटते. इतर अनेक घरांत मात्र हा बोळ वाया गेलेली जागा समजून बैठकीच्या खोलीत सामावून घेतला जातो आणि गोठ्याची मोरी काँक्रीटखाली गाडली जाते. एकदा बोळ नाहीसा झाला, की ते घर कसे वापरले जाई हे कळण्याचा मार्गच उरत नाही.

खोल्यांची मूळ प्रतिष्ठा समजून घ्यायची असेल तर वर पाहावे. तुळईच्या खालच्या कडा तिरप्या तासलेल्या असतात आणि भिंतीजवळ हे तासकाम एका आकारात संपवलेले असते. पाहुण्यांच्या खोलीत त्या टोकाला नक्षीदार वळण दिलेले आढळते, तर दुधाच्या किंवा साठवणीच्या खोलीत तुळई बहुधा साधी सोडलेली असते. एखाद्या तुळईला एका टोकाला असे वळण असून दुसऱ्या टोकाला ती तशीच भिंतीत घुसत असेल, तर ती भिंत नंतर घातलेली आहे आणि खोली पूर्वी मोठी होती, असा अर्थ घेता येतो.

चुलीवरची मोठी तुळई विशेष जपावी. तिच्यावर अश्रूच्या आकाराचे, बोटाएवढे लांब जळके डाग दिसतात. पूर्वी ते मेणबत्तीने चुकून पडले असावेत असे मानत, पण त्यांतले बहुतेक डाग आग आणि अनिष्ट यांपासून संरक्षण म्हणून मुद्दाम पाडलेले असावेत, असे मत आता रूढ झाले आहे. कर्कटकाने कोरलेली सहा पाकळ्यांची फुलेही अशाच जागी सापडतात. जुना काळा रंग काढण्यासाठी तुळयांवर वाळूचा मारा केला, की हे सगळे काही मिनिटांत नष्ट होते आणि लाकूड खरखरीत, निर्जीव दिसू लागते. मला ही चूक पुढे सांगितलेल्या सिमेंटच्या चुकीहूनही अधिक वाईट वाटते, कारण सिमेंट कधीतरी काढता येते.

चुन्याच्या दरजांत सिमेंट भरणे

सर्वांत जास्त नुकसान ज्या चुकीने केले आहे ती हीच. जोसेफ ॲस्पडिन या लीड्सच्या गवंड्याने १८२४ मध्ये पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. पण खेड्यापाड्यांतल्या दुरुस्त्यांमध्ये ते सर्रास वापरले जाऊ लागले विसाव्या शतकात. त्याआधीच्या शेतघरांच्या भिंती चुन्यात किंवा नुसत्या मातीत बांधून दरजा तेवढ्या चुन्याने भरलेल्या असत.

पावसाने भिंत भिजते, जमिनीतूनही थोडे पाणी वर चढते, आणि ते सारे वारा व उष्णतेने पुन्हा बाहेर निघून जाते. बाहेर पडण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे दगडापेक्षा मऊ आणि सच्छिद्र असलेली चुन्याची दरज. ती दरज घट्ट सिमेंटने बंद केली, की पाणी दगडातूनच बाहेर पडू लागते. सोबत आलेले क्षार दगडाच्या पृष्ठभागाखाली साठतात, हिवाळ्यात तिथले पाणी गोठून फुगते, आणि दगडाचा चेहरा पापुद्र्यापापुद्र्याने सुटतो. काही वर्षांनी दगड आत गेलेला आणि सिमेंटची जाळी मात्र भिंतीबाहेर उभी, असे दृश्य दिसते. त्या उभ्या राहिलेल्या कडेवर पावसाचे पाणी थांबते आणि पुन्हा आत मुरते. आतल्या बाजूला तुळयांची भिंतीत रोवलेली टोके ओली राहून कुजू लागतात, आणि हा धोका बाहेरून अजिबात दिसत नाही.

वाई-पुण्याकडच्या वाड्यांतही सिमेंटच्या गिलाव्याने चुन्याच्या बांधकामाचे असेच हाल केले आहेत, त्यामुळे मराठी वाचकाला हे ओळखीचे वाटेल. एक फरक मात्र विसरू नये. आपला काळा बेसाल्ट फार कमी पाणी शोषतो. कॉट्सवोल्डची चुनखडी पाणी चांगलेच शोषते. त्यामुळे वाड्याच्या दगडी जोत्याने जे वर्षानुवर्षे सहन केले, ते त्या चुनखडीला सहन होणार नाही.

उपाय करतानाही घाई नको. सिमेंट सैल झाले असेल तर ते छिन्नी-हातोडीने अलगद निघते, पण दगडाला घट्ट चिकटलेले असेल तर विजेच्या कटरने कापताना दगडांच्या कडा कायमच्या तुटतात. अशा ठिकाणी ते सैल होईपर्यंत थांबणे हाच शहाणपणा आहे. मोकळी केलेली दरज तिच्या रुंदीच्या निदान दुप्पट खोल असावी, धूळ काढून ती पाण्याने ओलसर करावी, आणि मग चुना व भरड वाळूचा गारा आतपर्यंत दाबून भरावा. गारा थोडा आवळल्यावर ताठ केसांच्या ब्रशने ठोकून पृष्ठभाग खडबडीत करावा, त्यामुळे बाष्पीभवन सुधारते. नंतर काही दिवस ओले गोणपाट टांगून उन्हापासून आणि वाऱ्यापासून संरक्षण द्यावे. चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून सावकाश घट्ट होतो, आणि ५ अंश सेल्सिअसच्या खाली ही क्रिया जवळजवळ थांबते, शिवाय ओला चुना गोठला तर भुगा होऊन गळून पडतो. म्हणून डिसेंबरात दरजा भरून देतो असे सांगणारा गवंडी कितीही स्वस्त असला तरी नाकारावा. गाऱ्यात थोडे सिमेंट मिसळण्याची सूचनाही मान्य करू नये. त्याने चुन्याचा मऊपणा जातो आणि सिमेंटची ताकदही येत नाही.

गिलावा काढून दगड उघडे पाडणे

आतली भिंत खरवडून उघडा दगड दाखवण्याची आवड अजून ओसरलेली नाही. घडीव, सपाट दगडांची भिंत मुळातच उघडी ठेवण्यासाठी असे. अनघड दगडांच्या भिंतीवर मात्र आतून चुन्याचा गिलावा आणि बाहेरूनही अनेक ठिकाणी चुन्याचा जाडसर थर असे. कोपऱ्यांचे आणि खिडक्यांभोवतीचे घडीव दगड बाकीच्या भिंतीपेक्षा बोटभर पुढे आलेले असतील, तर तेवढ्या जाडीचा गिलावा तिथे होता असे समजावे. तो काढला की भिंतीतून वारा येतो, पाऊस आत झिरपतो, आणि गिलाव्याखाली लपलेली जुनी भित्तिचित्रेही त्यासोबत जाऊ शकतात. कवी आणि रचनाकार विल्यम मॉरिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १८७७ मध्ये प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी स्थापन केलेली संस्था जुन्या चर्चच्या भिंती अशाच खरवडण्याच्या विरोधातून उभी राहिली, आणि ती आजही घरमालकांना मार्गदर्शन करते. मॉरिसने १८७१ पासून भाड्याने घेतलेले केल्मस्कॉट मॅनर हे मुळात साधारण १६०० च्या सुमाराचे चुनखडीचे शेतघरच आहे; ते पाहण्यासाठी खुले असते आणि जपून केलेली दुरुस्ती कशी दिसते हे समजून घ्यायला उत्तम आहे.

ओलीचे कारण न शोधता औषध टोचणे

खालच्या दोन-तीन फुटांत ओल दिसली, की भिंतीत भोके पाडून रसायन भरण्याचा सल्ला मिळतो. हा सल्ला बहुधा हातातल्या विद्युत मापकाच्या आकड्यावर आधारलेला असतो. पण हे मापक मुळात लाकडासाठी बनवलेले आहे, आणि लोणा लागलेल्या भिंतीत क्षारांमुळे ते कोरड्या जागीही मोठा आकडा दाखवते. शिवाय मधली भर सैल आणि पोकळ असल्याने रसायनाचा सलग थर तयार होत नाही.

त्याऐवजी बाहेर जाऊन जमीन पाहावी. शेकडो वर्षांची माती, पेव्हर ब्लॉक आणि फुलांचे वाफे यांमुळे बाहेरची पातळी आतल्या जमिनीपेक्षा वर आलेली असते, आणि ती खाली उतरवली की ओलीचे निम्मे कारण संपते. मात्र पाया उथळ असल्यामुळे भिंतीला लागून खोल चर खणू नये. पन्हळी तुंबल्या आहेत का, पाण्याचा पाइप फुटला आहे का, हेही आधी पाहावे. आत फरशा उचलून प्लास्टिकचा थर आणि काँक्रीट घातलेले असेल, तर पूर्वी फरश्यांच्या दरजांतून उडून जाणारे पाणी आता बाजूला सरकून भिंतीत चढते. तिथे पुन्हा चुन्याची, हवा खेळती ठेवणारी जमीन करणे हा खर्चिक पण योग्य मार्ग आहे. कारण दूर केल्यावरही भिंत लगेच सुकत नाही. जाडीच्या प्रत्येक इंचाला साधारण एक महिना असा गवंड्यांचा अंदाज असतो, म्हणजे दोन फुटांच्या भिंतीला दोन वर्षे सहज लागतात. तेवढा काळ प्लास्टिक रंग किंवा जिप्समचा गिलावा लावण्याचा मोह आवरावा.

न वापरलेले धुराडे वरून आणि खालून बंद केल्यानेही धुराड्याच्या भिंतीवर पिवळट-तपकिरी डाग उमटतात. खाली जाळी आणि वर हवा जाणारे झाकण बसवले की बहुधा पुरते.

छपराला फोम आणि काँक्रीटची कौले

कॉट्सवोल्डच्या छपरावरच्या दगडी कौलांत सर्वांत मोठी वळचणीला आणि सर्वांत लहान आढ्याजवळ असते. स्टोन्सफील्डसारख्या खाणींतला दगड ओला ठेवून थंडीत बाहेर मांडत, आणि आतले पाणी गोठले की तो आपोआप थरांत सुटे. या छपरांचा उतार ५० अंशांच्या आसपास असतो, तर पेनाइनमधील जड वालुकाश्माच्या फरश्या पुष्कळ कमी उतारावर बसतात. त्यामुळे एका भागातली कौले दुसऱ्या भागातल्या घरावर चढवू नयेत, आणि सगळी एकाच मापाची काँक्रीटची कौले तर नकोच. जुनी कौले उतरवताना ती मापाप्रमाणे वेगळी रचून ठेवावीत; त्यांतली पुष्कळशी पुन्हा वापरता येतात, कारण अनेकदा दगडाआधी त्याला धरून ठेवणारी लाकडी खुंटीच झिजते.

उष्णता टिकावी म्हणून वाशांमध्ये फोम फवारणे हा यातला सर्वांत घातक सल्ला आहे. वासे झाकले गेल्याने त्यांची तपासणी करता येत नाही, ओल अडकते, आणि अशा घरावर कर्ज द्यायला अनेक संस्था नकार देतात. माळ्याच्या तळाशी लोकर किंवा लाकडाच्या तंतूंचे थर घालून वळचणीला हवा मोकळी ठेवावी. त्याआधी वटवाघळांचा माग पाहावा. इंग्लंडमध्ये त्यांच्या सर्व जातींना १९८१ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, आणि वसतिस्थान रिकामे असले तरी ते नष्ट करणे गुन्हा ठरतो.

फक्त दर्शनी भाग संरक्षित आहे असे समजणे

१७०० पूर्वीचे आणि बऱ्यापैकी मूळ स्वरूपात उरलेले घर जवळजवळ नक्कीच संरक्षित यादीत असते. यादीतल्या इमारतींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक ग्रेड दोन या सर्वांत खालच्या दर्जात मोडतात, आणि खालचा दर्जा म्हणजे आतून काहीही बदलायला मोकळीक, असा समज यातून पसरतो. प्रत्यक्षात संरक्षण घराच्या आतल्या भागालाही असते, आणि घराच्या आवारात १ जुलै १९४८ च्या आधीपासून उभी असलेली कोठारे व कुंपणाच्या भिंतीही त्यात येऊ शकतात. परवानगीशिवाय घराचे स्वरूप बदलणे हा १९९० च्या कायद्यानुसार फौजदारी गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद आणि अमर्याद दंड अशी शिक्षेची तरतूद आहे.

खरेदीदाराच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, आधीच्या मालकाने विनापरवाना केलेला बदल पूर्ववत करण्याची नोटीस नव्या मालकाला येऊ शकते आणि त्याला मुदतीची मर्यादा नाही. म्हणून व्यवहाराआधी हिस्टॉरिक इंग्लंड या सरकारी वारसा संस्थेच्या यादीतली घराची नोंद वाचावी, तिच्यातल्या वर्णनाशी खिडक्या, जिना, चुली एकेक करून ताडून पाहाव्यात, आणि जे वर्णनात आहे पण घरात नाही त्याच्या परवानगीची प्रत वकिलामार्फत लेखी मागावी. सर्वेक्षणासाठीही कर्ज देणाऱ्या बँकेच्या यादीतला पहिला माणूस न घेता, चुन्याच्या बांधकामाचा अनुभव असलेला सर्वेक्षक शोधावा, आणि त्याला ओलीचा आकडा न विचारता पाणी कुठून येते आणि कुठून बाहेर जाते ते विचारावे.